थोरली, धाकटी आणि तळणाचं तेल

१२ मार्च

ठिणगे,

आशीर्वाद शेवटी, तोवर राग उतरला तर.

काल तुमच्या कारखान्याची अठरा पिंपं धक्क्यावर उतरली. तू चिठ्ठी जोडलीस, "मामा, फोन कर." फोनवर मला तुझं निम्मं ऐकू येतं, आणि त्या निम्म्यात तू हसतेस की ओरडतेस ते कळत नाही. चाळीस वर्षं इंजिनाला खेटून उभ्या राहिलेल्या माणसाचे कान फोनसाठी नसतात. इंजिनासाठी आहेत, ती काळजी नको. म्हणून पत्र.

मला आधी विचारलं का नाहीस? भाची तेलाच्या कारखान्यात केमिस्ट, मामा फेरीबोटीचा इंजिन ड्रायव्हर, आणि बोटीत कुठलं तेल पडणार हे मामाला कळतं कुणाकडून, तर हमालाकडून! वा गं वा.

आता ऐक. थोरली एकतीस वर्षांची बोट आहे. तिच्या टाकीच्या तळाशी एकतीस वर्षांचा गाळ निपचित बसलाय. साधं डिझेल त्याच्या वाटेला जात नाही. तुमचं हे तळणाचं तेल म्हणे टाकी घासून पुसून लख्ख करतं. छान. मग ती घाण जाणार कुठे? फिल्टरमध्ये. फिल्टर तुंबला की इंजिन बंद. कुठे बंद? खाडीच्या मधोमध, ओहोटीच्या ओढीत, दोनशे माणसं घेऊन.

हे मला पलीकडच्या बंदरातल्या मिस्त्रीनं सांगितलं. तुमच्या पुस्तिकेत यातलं अक्षर नाही. तिच्यात एक हसणारी बाई आहे आणि "टाकीत टाका आणि निश्चिंत व्हा" असं लिहिलंय. त्या बाईला एकदा खाली इंजिनरूममध्ये पाठव. बघतो किती हसते ते.

मला दोन महिन्यांचे फिल्टर हवेत, दर चार दिवसांनी एक. रबरी पाइपही बदलायला हवेत, तुमच्या तेलानं ते फुगतात. कुणाकडे मागू?

राग उतरलेला नाही. आशीर्वाद पुढच्या खेपेला.

मामा


२० मार्च

मामा,

तुझं पत्र लॅबमध्ये सगळ्यांसमोर फोडलं. चूक झाली. माझ्या नाकाला झोंबलेल्या मिरच्या सगळ्यांनी पाहिल्या.

तुला नवं काही दाखवलं की आधी त्यातला खडा सापडतो. वीस वर्षांपूर्वी धाकटी बोट आली तेव्हा "ही पत्र्याची पेटी आठवडाभर तरंगेल" म्हणालास. अजून तरंगतेय.

तू धूर विसरलास, मी विसरले नाही. आई सतरा वर्षं धक्क्यावरच्या तिकिटाच्या खिडकीत बसली. तुझ्या थोरलीचं धुराडं नेमकं त्या खिडकीच्या तोंडाशी येऊन थांबायचं. संध्याकाळी ती पदरानं तोंड पुसायची तेव्हा पदर काळा व्हायचा. शेवटच्या वर्षी तिला दहा पायऱ्या चढवत नव्हत्या. डॉक्टरांनी विचारलं, "घरात कुणी विडी ओढतं का?" काय सांगायचं? हो, तिचा सख्खा भाऊ ओढतो, आठशे घोड्यांच्या ताकदीची!

मी या कारखान्यात का आले ते तुला माहीत आहे. खानावळींतलं जळकं तेल आधी गटारात जायचं. आता आम्ही ते गोळा करतो, धुतो, त्याचं इंधन करतो. जमिनीच्या पोटातून काही उपसावं लागत नाही. काजळी निम्म्याच्याही खाली येते, मी स्वतः मोजलीय. हे खोटं आहे का?

राहिलं पुस्तिकेचं. पुस्तिकेत सगळंच लिहीत नाहीत. फिल्टर तुमच्या ऑफिसकडे माग. आणि खरं सांगायचं तर तुला पुस्तिका लागतेच कशाला? आवाज जरा उतरला की तू खालून ओरडायचास, "फिल्टर!" मी लहानपणी पाहिलंय. इतर ठिकाणची मला काळजी वाटते. थोरलीची नाही, कारण थोरलीवर तू आहेस.

जेवत जा वेळेवर.

ठिणगी


९ एप्रिल

ठिणगे,

ताईचं नाव काढून माझं तोंड बंद केलंस. ते तुला लहानपणापासून जमतं.

खरं ते सांगतो. धूर कमी झालाय. आधी धुराड्यातून काळा लोंढा यायचा, आता नुसती वाफ आल्यासारखं वाटतं. शिंकरलं तर रुमाल पांढरा राहतो. चाळीस वर्षांत पहिल्यांदा! तिकिटाच्या खिडकीत आता नवी बाई बसते. तिनं परवा खिडकीची काच पुसली आणि दुसऱ्या दिवशीही ती स्वच्छच होती, म्हणून मला मुद्दाम बोलावून दाखवली. तेव्हा ताई आठवली. एवढं लिहितो आणि पुढे जातो.

फिल्टर मिळाले नाहीत. ऑफिसातला साहेब म्हणतो, "पुस्तिकेत कुठे लिहिलंय?" मी म्हटलं, "टाकीत लिहिलंय, उतरा खाली, दाखवतो." तो उतरला नाही. पंधरा मागितले तर दोन दिले, वर उपकार केल्याचा चेहरा. पाइपांचं तर नावच नको. मी जुने फिल्टर डिझेलमध्ये धुऊन पुन्हा लावतोय. फाटक्या चाळणीनं पीठ चाळायचा प्रकार आहे हा.

दुसरी गोष्ट. पहिल्या अठरा पिंपांना खानावळीचा वास होता. प्रवाशांना भूक लागायची, सारंग तर सुकाणूवर उभा राहून जेवणाच्या गोष्टी करायचा. नव्या पिंपांना वासच नाही. रंगही फिका. हे तळणाचं तेल नाही. कान राहू दे, माझं नाक अजून शाबूत आहे. धक्क्यावरची खानावळवाली सांगत होती, तुमची माणसं आता तिच्याकडे डबे न्यायला येत नाहीत, आणि दुकानात ताजं तेल मिळेनासं झालंय. ती म्हणते, "तुमची बोट माझ्या कढईतलं पिते की काय?" मी काय उत्तर देऊ?

तूच सांग, आणि सरळ सांग.

मामा


१७ एप्रिल

मामा,

तू इंजिन बघ. तेल कुठून येतं ते बघायला आमच्याकडे माणसं आहेत.

खानावळींचं तेल कमी पडलं म्हणून थोडं ताजं घ्यावं लागलं. तात्पुरतं आहे. सगळीकडे असंच करतात. या एका गोष्टीवरून तू मला पिंजऱ्यात उभं करू नकोस. इथे आधीच कमी जण आहेत का ते करायला?

फिल्टरचं मी वर बोलते.

ठिणगी


३ जून

ठिणगे,

अक्षराला हसू नकोस. डाव्या हातानं लिहितोय, उजवा बांधलेला आहे.

तुला कळलं असेलच. नसेल तर माझ्याकडून कळू दे. २२ मेच्या दुपारी थोरली खाडीच्या मधोमध बंद पडली. फिल्टर गाळानं गच्च भरला होता. मी गरम फिल्टर तसाच हातानं फिरवला, त्यात हात भाजला. धुतलेला दुसरा बसवायला पाच मिनिटं लागली असती. ओहोटीनं तीनच दिली. बोट वाहत जाऊन वाळू वाहणाऱ्या, नांगरून ठेवलेल्या पडावावर आदळली. माणसं पडली, खरचटली, ते सगळं भरून येईल. पण कठड्याला धरून उभी असलेली एक बाई कठडा आणि पडाव यांच्यात सापडली. तिच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. धक्क्याजवळ शिलाईचं दुकान आहे ना, तीच ती. माझ्या शर्टाची कॉलर तिनं दोनदा उलटवून दिलीय.

चौकशी बसली. मला घरी बसवलंय. मी जबाब लिहून सही करून टाकली: "फिल्टर वेळेवर बदलला नाही, निष्काळजीपणा माझा." विषय संपला. तुमच्या कारखान्याचं नाव त्यात नाही. तुझं तर नाहीच नाही. तू इथे यायचं नाहीस, काही बोलायचं नाहीस. तुझं काम चांगलं आहे, धूर खरंच कमी झालाय, ते काम चालू राहू दे. मी म्हातारा, माझं काय उरलंय?

जो आशीर्वाद मी टाळत होतो तो घे.

मामा


८ जून

मामा,

तुझा आशीर्वाद तुझ्याकडे ठेव आणि तो त्यागही घाल चुलीत!

कुणी सांगितलं तुला सही करायला? निष्काळजीपणा म्हणे! मार्चमध्ये फिल्टर कुणी मागितले? एप्रिलमध्ये पुन्हा कुणी मागितले? तुझी दोन्ही पत्रं माझ्या खणात आहेत. मला वाचवायला म्हणून तू खोटं लिहून दिलंस, आणि असं केल्यावर मी सुखानं जेवेन असं तुला वाटलं. कमाल आहे!

आता मी सरळ सांगते. एप्रिलमध्ये विचारलंस तेव्हा ताकाला जाऊन भांडं लपवलं, ते आज काढते.

पुस्तिका मी लिहिली आहे. तिला सातवं पान होतं. त्यावर सगळं होतं, जुनी टाकी आधी साफ करा, पहिले दोन महिने दर चार दिवसांनी फिल्टर बदला, रबरी पाइप बदला. आमच्या विक्रीसाहेबांनी त्यावर लाल रेघ मारली. म्हणाले, हे वाचून गिऱ्हाईक पळेल, आधी करार होऊ दे, मग तोंडी सांगू. "काढलं तर चालेल" म्हणून खाली सही कुणाची हवी? केमिस्टची. मी केली, मामा. करताना माझ्या मनात काय होतं माहीत आहे? पहिलं गिऱ्हाईक थोरली आहे, तिथे मामा आहे, त्याला पान लागत नाही, त्याला ऐकू येतं. तुमच्या साहेबांनी तुला "पुस्तिकेत कुठे लिहिलंय" विचारलं ना? लिहिलं होतं. मीच काढलं.

आणि तेलाचं. खानावळींचं जळकं तेल दोन बोटींना पुरतं. आम्ही सोळा बोटींचा करार केला. उरलेलं ताजं तेल जहाजानं येतं, जिथून येतं तिथे त्याच्या झाडांसाठी उभं जंगल कापलंय. ते जहाज दहा दिवस काळं डिझेल जाळत येतं आणि इथे उतरलं की आम्ही पिंपावर हिरवं पान रंगवतो. दोन बोटींपुरतं जे काम सोन्यासारखं होतं ते सोळा बोटींच्या हावेनं नासलं. तुझ्या खानावळवालीला सांग, हो, तुझ्या कढईतलंच पितात.

आता मुद्द्याचं. १५ जूनला धाकटी आमच्या तेलावर जाणार आहे. तिची टाकीही जुनी आहे. तुझा जबाब तसाच राहिला तर चौकशी म्हणणार, तेल चांगलं, माणूस वाईट, आणि धाकटीच्या ड्रायव्हरला पुन्हा तीच सहा पानांची पुस्तिका मिळणार. तू मला वाचवत नाहीयेस. तू धाकटीतल्या माणसांना बुडवायला निघालायस.

जबाब मागे घे. लाल रेघेचं मूळ पान मी फाइलमधून काढलंय. ते घेऊन मी येते.

ठिणगी


११ जून

ठिणगे,

तुझं पत्र वाचून मी भांडं आपटलं. शेजारीण धावत आली. तिला म्हटलं, भाचीचं पत्र आहे. ती परत गेली.

माझ्या कानांवर? दोनशे माणसांचा जीव तू माझ्या कानांवर टांगलास, आणि मला विचारलंही नाहीस? त्या साहेबाचं समजू शकतो, तो परका, त्यानं थोरली पाहिलेलीही नाही. तू त्या इंजिनरूममध्ये अभ्यास केलायस! त्या पिंपावर वही ठेवून गणितं सोडवलीस! आणि एक पान, एक सही, झालं? ताई असती तर तिनं तुझे कान उपटले असते, आणि मी मध्ये पडलो नसतो.

हे लिहून दोन तास झाले. बाहेर जाऊन आलो. आता पुढचं लिहितो, कारण तू तुझं काढलंस आणि मी झाकून बसलो तर मी कसला मामा?

मला इंजिन ऐकू येत नाही. तीन वर्षं झाली. आधी बारीक आवाज गेले, मग सगळंच धूसर झालं. दरवर्षीच्या कान तपासणीत डॉक्टर मान हलवेल तशी मी हलवायचो, पास व्हायचो. लोखंडाला हात लावला की थरथर कळते, तेवढ्यावर चालवत होतो. साध्या डिझेलवर निभावलं, कारण तिथे काही बिघडतच नव्हतं. तुला "इंजिनाचे कान आहेत" असं लिहिलं ते धादांत खोटं. सांगितलं असतं तर मला घरी बसवलं असतं. घरी कुणाकडे बसायचं? ताई गेली, तू शहरात. म्हणून गप्प राहिलो.

आता जबाबाचं. मी तुला वाचवायला लिहिलं असं तुला वाटतं. ते अर्धंच आहे. परवा शिलाईवाल्या बाईला भेटायला दवाखान्यात गेलो. वॉर्डात मोठ्यानं बोलू देत नाहीत आणि तिचं पुटपुटणं मला कळेना, तेव्हा तिनं कागदावर लिहून विचारलं, डाव्या हातानं, माझ्यासारखंच: "बंद पडायच्या आधी आवाज केवढा उतरला होता! मला वरच्या डेकवर ऐकू आला. तुम्हाला खाली कसा नाही आला?" मी तिला म्हटलं, इंजिनरूममध्ये गलका असतो. दोन बोटं गेलेल्या बाईशीही खोटं बोललो.

तेव्हा निष्काळजीपणा माझाच होता. पण तो फिल्टरचा नव्हता, कानांचा होता. तो कागदावर नाही, आणि तो तसा लिहायची हिंमत मला होत नाही. चाळीस वर्षं "याला हाडांत ऐकू येतं" म्हणून लोकांनी मान दिला. आता लोक म्हणतील, बहिरा दोनशे माणसं घेऊन फिरत होता. आणि ते खरं असेल.

काय करायचं ते मला सुचत नाही. तुझ्यावरचा राग गेलेला नाही.

मामा


१३ जून

मामा,

पत्र टाकायला वेळ नव्हता, म्हणून तुमच्या धक्क्याकडे येणाऱ्या आमच्याच टँकरच्या ड्रायव्हरकडे देतेय. माणूस चांगला आहे, देईल हातात.

मला तुझा राग आला. एवढा आला की कोट न काढता लॅबच्या बाहेर जाऊन उभी राहिले. तीन वर्षं? फोनवर मी ओरडत होते आणि तू "हो, हो" म्हणत होतास ते काय होतं? "घरी कुणाकडे बसायचं" असं विचारतोस? माझ्याकडे, अजून कुणाकडे! हे विचारावं लागतं का रे?

पण मी तुला काय बोलणार? मी तुझ्या कानांच्या भरवशावर पान काढलं आणि तू ते कान खिशात घालून फिरत होतास. त्या बाईची बोटं आपण दोघांनी मिळून घालवली. साहेबानं लाल रेघ मारली, ऑफिसनं फिल्टर नाकारले, त्यांनाही सोडायचं नाही. पण त्यांच्याकडे बोट दाखवायचं तर आधी आपण दोघांनी आपापलं सांगायला हवं. नाहीतर ते म्हणतील, म्हाताऱ्याला वाचवायला भाचीनं कागद चोरून आणला.

काल मी विक्रीसाहेबांसमोर पान ठेवलं आणि धाकटीचं थांबवा म्हटलं. ते म्हणाले, पिंपं पोचलीत, आता काय थांबवणार. आज सकाळी माझं ओळखपत्र दारावर चाललं नाही. तेव्हा नोकरीची चिंता तू करू नकोस, ती संपली.

चौकशी १५ तारखेला अकराला आहे. धाकटी सकाळी आठला सुटते. मी साडेदहाच्या आधी पोचू शकत नाही. ड्रायव्हरला समजाव, सारंगाला समजाव, काहीही कर.

ठिणगी


१५ जून, सकाळी सव्वानऊ

ठिणगे,

हे पत्र धाकटीच्या ड्रायव्हरजवळ देतोय. तो बस स्टँडवर तुझी वाट बघेल. बोट सुटलेली नाही, त्यामुळे त्याला दुसरं काम नाही.

समजावून पाहिलं, कान त्यांच्या तोंडाशी नेऊन. ड्रायव्हर म्हणाला, "मला वरून हुकूम आहे." सारंग म्हणाला, "तुम्हाला घरी बसवलंय, तुमचं कशाला ऐकू?" बरोबर बोलला. तेवढ्यात माणसं चढायला लागली. शाळेतल्या दोन बाई होत्या, बाळाला घेतलेला एक बाप होता, आणि शिलाईवाल्या बाईची बहीण डबा घेऊन दवाखान्यात निघाली होती. तिनं मला नमस्कार केला. तिला अजून माहीत नाही.

मग मी खाली उतरलो, तेलाचा मुख्य व्हॉल्व्ह बंद केला, त्याचं चाक काढून शर्टात घातलं आणि वर येऊन इंजिनरूमच्या झाकणावर बसलो. एका हातानं चाक काढायला वेळ लागला, पण निघालं. सारंग समोर येऊन तोंड हलवू लागला, त्याच्या मागे पंचवीस-तीस माणसं तोंडं हलवू लागली. कामावर जायचंय त्यांना, चिडणारच. मी उभा राहिलो आणि सगळ्यांना सांगितलं, "मोठ्यानं बोलून उपयोग नाही. मी बहिरा आहे. थोरलीवर त्या दिवशीही बहिराच होतो. आवाज उतरला तो मला ऐकू आला नाही. या टाकीतही तोच गाळ आहे आणि हेच तेल आहे, आणि या ड्रायव्हरला ते कुणी सांगितलेलं नाही."

शिलाईवाल्या बाईच्या बहिणीनं डबा खाली ठेवला. मग तिनं माझ्या थोबाडीत मारली आणि माझ्या शेजारी झाकणावर बसली. अजून बसलीय. सारंगानं आम्हाला उठवायला हात पुढे केला तर तिनं त्यालाही दम दिला असावा, कारण तो मागे सरला.

ऑफिसातला साहेब आत्ताच धक्क्यावर आलाय. पोलिसाला घेऊन आलाय. तू चौकशीच्या खोलीत बसू नकोस. पान घे, चौकशीच्या लोकांना घे आणि सगळ्यांना इथे बोटीवर घेऊन ये. तोवर मी उठत नाही.

मामा